तीन नंबरच्या वॉर्मरची बॅग

बाहुलीचं नाव गुंडू. वय अकरा वर्षं, वजन कायम अडीच किलो. दृष्ट लागू नये म्हणून कुणीतरी बॉलपेनानं त्याच्या गालावर तीट काढली, ती आता स्पिरिटनंही निघत नाही.

*

चौदाशे ग्रॅमच्या बाळाला एका श्वासात जेवढी हवा लागते, ती चहाच्या दीड चमच्यात मावते.

*

कोल्हापुरी फेट्याला आठ-नऊ मीटर कापड जातं. बांधणारा हाताचा चलाख असेल तर एका डोक्याला दोन मिनिटं. डोकी पंधरा असतील तर अर्धा तास.

*

मुरगूडच्या झुंबरबाईंनी दोन कुंच्या शिवल्या, एकाच कापडाच्या. त्यातली एक वापरून विटली. दुसरी पत्र्याच्या पेटीत आहे, तिची घडी मोडलेली नाही.

*

तान्ह्या बाळाच्या हाताला सलाइनची सुई लावली की वर एक पारदर्शक पट्टी चिकटवतात. पाण्यानं, घामानं, दुधानं ती सुटत नाही. पाकिटावर तसं छापलेलं असतं आणि ते खरं असतं.

*

हजेरीच्या कागदावर सोळाव्या ओळीत अनुजा खाडे हिची सही आहे. अनुजा त्या दिवशी हॉलमध्ये नव्हती.

९.१५ नोंदणी आणि नाश्ता

असं पत्रिकेवर छापलेलं होतं. गुळगुळीत कागदाची पत्रिका, वर झोपलेल्या बाळाचं चित्र, खाली दिवसभराचा कार्यक्रम वेळेसकट. अपुऱ्या दिवसांची, आजारी, नुकती जन्मलेली बाळं जिथं काचेआड ठेवतात, तिथल्या नर्सेससाठी एक दिवसाचं प्रशिक्षण. जिल्ह्यातून चोवीस नावं आलेली. जागा राजारामपुरीतला एक हॉल. खाली झेरॉक्सचं दुकान, मधे कोचिंग क्लास, वर हा. आणि शिकवणाऱ्यांच्या यादीत दोन डॉक्टरांच्या खाली, पहिल्यांदाच, एका नर्सचं नाव: क्रांती चौगुले.

बारा वर्षं क्रांतीनं त्या काचेच्या खोलीत काढली होती. किती पोरं तिच्या हातात रडायला शिकली, याचा हिशेब तिनं कधी ठेवला नाही. पण पत्रिका घरी आली तेव्हा तिनं ती देवाजवळ ठेवली, आणि नवऱ्यानं पत्रिकेचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला तेव्हा खोटं खोटं रागावली.

नोंदणीच्या टेबलावर तिनं आधी आपली सही केली. मग इकडंतिकडं बघून सोळाव्या ओळीत दुसरी.

त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. आदल्या दिवशी ड्युटी बदलताना हातावर साबण चोळत अनुजा म्हणाली होती, "ताई, माझे सहा तास कमी पडायलेत. महिनाअखेरीला नोंदणी संपतीया."

दर काही वर्षांनी नर्सची नोंदणी नवी करावी लागते आणि त्यासाठी अशा प्रशिक्षणांचे तास दाखवावे लागतात. तास नाहीत तर नोंदणी नाही. नोंदणी नाही तर नोकरी नाही.

"मग ये की उद्या," क्रांती म्हणाली.

"आणि वॉर्डात कोण? गुंडू बसणार?"

"मी करतो तुझी सही. काय अवघड हाय त्यात? कोंबडीनं माती उकरल्यागत तर करतीस."

दोघी हसल्या होत्या. प्रत्येक प्रशिक्षणात अशा दोन-तीन सह्या असतातच. वॉर्ड मोकळा सोडून सगळ्याच कशा येणार? जी शिकायला येते ती वॉर्डात नसते, आणि जी वॉर्डात असते तिला शिकल्याचा कागद लागतो. यातून वाट काढायची ही रीत सगळ्यांना माहीत होती. तिला कुणी नाव दिलेलं नव्हतं, एवढंच.

११.०० प्रात्यक्षिक : बाळाला श्वास देणे

गुंडूची छाती वर येईना.

जन्मलेलं बाळ श्वास घेत नसेल तर त्याच्या नाकातोंडावर मास्क धरतात आणि मास्कला जोडलेली रबरी बॅग हातानं दाबतात. बॅग म्हणजे मुठीत मावणारा फुगाच. दाबला की हवा आत, सोडला की पुन्हा भरतो. या बॅगेच्या मानेवर बोटाच्या पेराएवढा एक वॉल्व असतो. हात जड पडला, हवा जास्त झाली, की तो उचलला जातो आणि फुस्स करून जादा हवा बाहेर सोडतो. चौदाशे ग्रॅमचं बाळ आणि नर्सचा घाबरलेला हात यांच्या मधे एवढाच एक पहारेकरी असतो.

प्रशिक्षणाच्या पेटीतली जुनी बॅग चिरलेली निघाली, म्हणून क्रांतीनं सकाळीच वॉर्डातून तीन नंबरच्या वॉर्मरची बॅग आणली होती. वॉर्मर म्हणजे बाळाला ऊब देणारा पाळणा. तो रिकामाच होता. बॅग चांगली, नवी. पण गुंडूचं आतलं रबर अकरा वर्षांत वाळून खडखडीत झालेलं. दाबावं तर वॉल्व फुस्स करायचा आणि छाती जिथल्या तिथं.

समोर चोवीस खुर्च्या. पहिल्या रांगेत युनिटचे प्रमुख डॉक्टर विश्वजित.

"वॉल्व बांध की त्याचा," मेट्रन माई मागून पुटपुटल्या. छत्तीस वर्षांची नोकरी. त्यांचं खरं नाव दवाखान्यात फक्त पगारपत्रकाला माहीत. "आम्ही कायम तसंच करत आलोय. बाहुली हाय ती. तिचं काय फुटणार हाय?"

क्रांतीनं गुलाबी चिकटपट्टी फाडून वॉल्वभोवती घट्ट गुंडाळली. बॅग दाबली. गुंडूची छाती टम्म वर आली. मागच्या रांगेतून कुणीतरी "उठला बाई एकदाचा" म्हणालं, हशा झाला, आणि तिची जीभ सैल सुटली. छान शिकवलं तिनं. मास्क कसा धरायचा, अंगठा कुठं, हनुवटी किती उचलायची, तोंडानं लय कशी म्हणायची.

चहाच्या वेळी माई जवळ आल्या. "ते गुलाबी काढ. फोटोग्राफर आलाय. उद्या पेपरात दवाखान्याच्या बॅगेला ठिगळ दिसायचं."

चहानंतर सगळ्या गुंडूवर सराव करणार होत्या, म्हणून क्रांतीनं गुलाबी सोलून टाकली आणि खिशातल्या पाकिटातून ती सुईवरची पारदर्शक पट्टी काढली. नर्सच्या खिशात ती असतेच, किल्लीसारखी. वॉल्वच्या टोपीवरून खाली दोन्ही बाजूंनी बसवली आणि सवयीनं अंगठ्यानं कडा दाबल्या, बुडबुडा राहू नये म्हणून. दिसेनाशी झाली. हातात घेऊन उजेडात तिरकी धरली, तरच जरा चकाकायची.

संध्याकाळी काढायची, असं ती मनाशी दोनदा म्हणाली.

१.०० भोजन

तांबडा, पांढरा, आणि शाकाहारी लोकांना मटकी. पाहुणे एका आमदारांचे बंधू होते आणि त्यांना इचलकरंजीला दुसरा कार्यक्रम होता.

"सत्कार आधी उरकून घेऊ," माई हात पुसत म्हणाल्या. "तुझं दुपारचं नंतर बघू. चालंल न्हवं?"

"चालंल की," क्रांती म्हणाली.

३.०० सत्कार आणि समूहछायाचित्र

पत्रिकेवर तीन, झालं दोनला. फेटे बांधणारा रंगीत कापडांचं बोचकं घेऊन दारातच बसला होता. पाहुणे, डॉक्टर, माई, मग एकेक करून पुढच्या रांगेतल्या सिस्टर. क्रांतीला केशरी आला. मान ताठ धरून ती खुर्चीवर बसली, कापडाचे पीळ कानावर बसत गेले आणि हॉलमधला आवाज कमी कमी होत गेला.

तेवढ्यात बायडाबाई तिच्यासमोरून गेली. बायडाबाई वॉर्डातली मावशी. हातात निळा क्रेट, क्रेटमधे मास्क, नळ्या, बॅग. जाताना तिनं क्रांतीच्या फेट्याकडं बघून भुवई उडवली. क्रांती हसली. मान हलवायची सोय नव्हती, म्हणून डोळ्यांनीच.

फोटो झाले. मग बायकाबायकांचे झाले. मग सेल्फी. तीन वाजून पाच मिनिटांनी क्रांती पेटी आवरायला टेबलाशी आली. गुंडू उताणा पडला होता, तोंड उघडं. शेजारी चिरलेली बॅग. दुसरी नव्हती.

तिनं टेबलाखाली बघितलं. पडद्यामागं बघितलं.

"माई, मावशी कुठाय?"

"ती? पुढं पाठवली तिला, तुझा फेटा चाललेला तवा. अनुजाचा फोन आलता. मुरगूडचं जुळं यायलंय, सातव्या महिन्याचं. तीन नंबर लावायचा म्हणाली, बॅग न्हाय."

"धुवून?"

"हितंच मोरीत धुतली. औषधाच्या पाण्यात घातली, पुसली. मी म्हटलं तिला, उघडून धू. तर म्हणती, बाहुलीच्या तोंडाला लावलीया, बाळाच्या न्हाय, उघडायचं काय त्यात?"

माईंनी मग क्रांतीच्या तोंडाकडं बघितलं. माईंचा हात आपोआप आपल्या फेट्याकडं गेला आणि तो त्यांनी उतरवून मांडीवर घेतला.

क्रांतीनं अनुजाला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. काचेच्या खोलीत मोबाइल न्यायचे नाहीत, दारातल्या डब्यात ठेवायचे, हा नियम तिनंच मागच्या वर्षी लावला होता. वॉर्डातला फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज.

डॉक्टर विश्वजित दहा पावलांवर उभे होते. त्यांच्याकडं ड्युटीवरच्या डॉक्टर अदितीचा नंबर होता. डॉक्टरांचा फोन नियमाबाहेर. तो खिशातच असतो, आणि सरांचं नाव दिसलं की ती रिंग पुरी होऊ देत नाही. एक वाक्य पुरलं असतं: सर, तीन नंबरची बॅग वापरू नका म्हणावं.

क्रांती त्यांच्याकडं चालत गेली. चालताना पुढचं सगळं तिला ऐकू येत होतं. का वापरायची नाही? कुणी बांधला वॉल्व? वॉर्डात आता कोण आहे? अनुजा? अनुजाचं नाव तर यादीत आहे.

"क्रांती," डॉक्टरच आधी बोलले, "झकास झालं. पुढच्या वर्षी सांगलीलाही तुलाच पाठवायचं म्हणतोय."

"थँक यू सर," ती म्हणाली.

आणि जिना उतरली.

पत्रिकेत नाही

स्कूटर तिनं कशी काढली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. बागल चौकात सिग्नल लागला तेव्हा शेजारच्या टेंपोवाल्यानं मान बाहेर काढली.

"पावणं, वरात पुढं गेली काय?"

तिला कळेना. मग आरशात दिसलं. केशरी फेटा तसाच होता, तुरा एका कानावर कललेला. ओढून काढावा म्हणून तिनं हात घातला, पण बांधणाऱ्यानं पिना मारल्या होत्या. सिग्नल सुटला.

मिरजकर तिकटीला गर्दी. एक रिक्षावाला तिला वाट देताना म्हणाला, "जाऊ दे रं, नवरीची करवली हाय." कुणीतरी शिट्टी मारली. ती मनात लय म्हणत होती, सकाळी सगळ्यांकडून म्हणून घेतली तीच: दाबा, सोडा, सोडा. दाबा, सोडा, सोडा. अनुजाचा हात हलका आहे, हे ती स्वतःला सांगत होती. अनुजाचा हात हलका आहे, पण बाळ निळं पडायला लागलं की कुणाचाच हात हलका राहत नाही. म्हणून तर वॉल्व असतो.

रंकाळ्यावर ऊन स्वच्छ पडलं होतं. भेळेच्या गाड्या नुकत्या लागत होत्या. तिथं थांबून तिनं पुन्हा वॉर्डाला फोन केला. या वेळी वाजला. कुणी उचलला नाही. एंगेजपेक्षा ते वाईट होतं.

दवाखान्याच्या दारात मुरगूडची अँब्युलन्स उभी होती. मागचं दार उघडं, ड्रायव्हर पाणी पीत होता.

"आली काय पोरं?"

"वीस-पंचवीस मिनिटं झाली की."

तीन वाजून पस्तीस मिनिटं. क्रांती जिना चढली. चपला बाहेर काढल्या. इतकं असूनही हात धुतले, कोपरापर्यंत. बारा वर्षांच्या हातांनी ते तिला न विचारता केलं.

आत कुणी ओरडत नव्हतं. एक नंबरवर थोरली, डॉक्टर अदिती तिच्या नाळेत नळी घालत होती, पाठ इकडं. तीन नंबरवर धाकटी. अनुजा तिच्या डोक्याशी उभी होती, मास्क अगदी शिकवल्यासारखा धरलेला, अंगठा जागेवर, हनुवटी जितकी उचलायची तितकीच. बॅग दाबत होती. छाती वर येत होती.

सुरेख वर येत होती. गुंडूसारखी.

"सोड," क्रांती म्हणाली.

"ताई? वाटेतच श्वास थांबला हिचा. आता बघा की, छाती चांगली उचलतीया, तरी रंग कसा..."

"अनुजा, हात सोड."

तिनं बॅग हिसकावली, दोन नंबरची ओढून लावली. पण छातीची उजवी बाजू आता दाबल्यावाचूनच फुगलेली होती, डावीपेक्षा उंच, आणि खाली जात नव्हती. डॉक्टर अदिती वळली. पहिलाच महिना होता तिचा. तरी फुप्फुस फाटून हवा छातीत कोंडलीय हे तिनं एका नजरेत ओळखलं, सुई घेतली, बरगड्यांच्या मधे घातली.

फुस्स.

वॉल्वमधून यायला हवा होता तो आवाज तिथून आला.

कुणीही क्रांतीच्या फेट्याकडं बघितलं नाही. ती तीन नंबरची बॅग हातात घेऊन उभी होती. नखानं तिनं पट्टीची कड शोधली आणि सोलून काढली. ती बोटाला चिकटली, बोटावरून सोडवली तर मनगटाला. तिथंच राहू दिली.

तेही नाही

बाहेर बाकावर जुळ्यांची आजी, झुंबरबाई, बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. क्रांती दिसताच उठल्या.

"बाय, तुम्ही आतल्याच न्हवं? गार हाय व्हय आत? ह्या घाला की पोरींस्नी. मी शिवल्यात. ऊन पाण्यात धुवून आणल्यात."

दोन कुंच्या. पिवळ्या, तांबड्या काठाच्या.

"थोरलीची द्या," क्रांती म्हणाली. "धाकटीची ऱ्हाऊ द्या जरा."

"का वो?"

"नळ्या हायत तिला. मावायची न्हाय आत्ता."

झुंबरबाईंनी दोन्हीतली कुठली द्यावी म्हणून उलटून पालटून बघितलं. दोन्ही सारख्याच होत्या. एक दिली. दुसरी घडी घालून पिशवीत ठेवली आणि पिशवीची गाठ मारली.

४.३० आभार

साडेचारला डॉक्टर विश्वजित केबिनमध्ये आले. कपाळाला अजून सत्काराचं कुंकू होतं. त्यांच्यासमोर माई, अनुजा, क्रांती, आणि दाराच्या चौकटीत बायडाबाई, कारण तिला आत बस असं कुणी म्हणालं नव्हतं.

"छातीत नळी टाकलीय. बहात्तर तास काही सांगता येत नाही," ते म्हणाले. मग अनुजाकडं वळले. "तुझं नाव यादीत बघितलंय मी. ड्युटीवर कशी तू?"

"जेवून परत आली ती," माई म्हणाल्या. "वॉर्डात माणूस कमी होतं म्हणून."

"हो का?"

अनुजानं क्रांतीकडं बघितलं. मग जमिनीकडं. "व्हय सर."

"मग बॅग हातात घेतल्यावर आधी काय करायचं, शिकवलं नाही तिथं? मास्कवर तळवा ठेवायचा, दाबायची, वॉल्व उचलतोय का बघायचं. पाच सेकंदांचं काम."

"मावशीनं धुवून आणली म्हणजे..." अनुजा म्हणाली आणि थांबली.

"तिथंच तर घोळ झाला," माई हळू म्हणाल्या. "उघडून धुतली न्हाय तिनं. वॉल्व चिकटला. मी सांगितलं होतं, उघडून धू म्हणून."

"मी धुतली की," बायडाबाई दारातून म्हणाली. "सायब, दोनदा धुतली मी."

"तुला कुणी विचारलंय का, बाई?"

बायडाबाई आपल्या हातांकडं बघू लागली. हात औषधाच्या पाण्यानं पांढरे पडून सुरकुतले होते.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. टेबलावर सकाळची पत्रिका पडली होती, वर झोपलेल्या बाळाचं चित्र. ते काय लिहिणार, हे खोलीतल्या प्रत्येकीला कळलं. बायडाबाईलाही कळलं, कारण ती दारातून एक पाऊल मागं सरकली, निघायची वेळ झाल्यासारखी.

"सर," क्रांती म्हणाली.

"आज नको," माई तिच्याकडं न बघता म्हणाल्या.

क्रांतीनं मनगटावरची पट्टी सोलली. त्वचेची लव तिच्याबरोबर आली. टेबलावरची पत्रिका पुढं ओढून तिनं ती पट्टी त्यावर आडवी चिकटवली आणि सवयीनं अंगठ्यानं कडा दाबल्या, बुडबुडा राहू नये म्हणून.

"वॉल्व ह्यानं बांधला होता. मी. बाहुलीसाठी. मावशीला दिसण्यासारखं न्हवतं." तिचा आवाज शिकवतानासारखाच होता, फक्त सावकाश. "अनुजा हॉलमध्ये न्हवतीच. तिची सही मी केलीय. आणि तीन वाजून पाच मिनिटांनी मला कळलं होतं, सर. तुम्ही सांगलीचं बोललात तेव्हा मला माहीत होतं."

डॉक्टर पेन तसंच धरून पत्रिकेकडं बघत राहिले. पट्टीखालची ओळ स्वच्छ वाचता येत होती.

दुपारी २.०० ते २.३० : बॅग वापरण्यापूर्वीची तपासणी, सिस्टर क्रांती चौगुले. हे सत्र झालं नाही; त्या वेळात फेटे बांधले.